कल्याणचा बिशप, मुक्काम ॲन आर्बर

"यायचं हं सगळ्यांनी," असं ज्ञानदानं अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ते आपलं म्हणायचं म्हणून. पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, बघायला कोण येतंय? पण आपल्या माणसांना बोलावलं की ती येतात. बारा खुर्च्यांच्या खोलीत सत्तेचाळीस माणसं, दोन स्ट्रोलर आणि शशिकांतकाकांच्या हातात बटाटेवड्यांचा ट्रे.

ज्ञानदाला घाम फुटला. कमिटीतले प्रोफेसर हॅलोरन आधीच म्हणाले होते, "काम चांगलंय. पण याचं आज कुणाला काय पडलंय, ते पटलं तरच सही करेन." सहा वर्षं त्या एका सहीवर लटकली होती.

तिनं सुरुवात केली. सहाव्या शतकातला एक व्यापारी ग्रीकमध्ये लिहून गेलाय, की कल्लियाना नावाच्या गावी ख्रिस्ती बिशप आहे, पर्शियाहून नेमलेला. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, हा तिचा दावा.

"एक मिनिट," शशिकांतकाका उठले. "मी डोंबिवलीचा. कल्याणला खाडीचे डास केवढे. पर्शियाचा माणूस तिथं राहील? ऑफिस कल्याणला, घर डोंबिवलीला, असंच असणार."

"डोंबिवली कुठून आली मध्येच?" पद्मिनीकाकू ट्रे ओढून घेत म्हणाल्या. "मोठं बंदर आमचं सोपारा. बिशप आमचा."

"काकू, सोपारा मोठंच होतं," ज्ञानदा म्हणाली. घाम कधी थांबला, तिलाही कळलं नाही. "पण कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलीयत. गाव जुनं, व्यापारी दमदार. शिवाय त्या माणसानं लिहिलंय कल्लियाना, सोपारा नाही."

"लिहिणारा कल्याणचाच असेल," काकू म्हणाल्या.

मग सगळी खोली मराठीत भांडायला लागली. तिघं उभे राहून, एक जण वडा हलवत. ज्ञानदा एकेकाला पुराव्यासकट गार करत सुटली.

हॅलोरन तिच्याकडे वाकले. "हे कशावरून चाललंय?"

"बिशप कोणत्या गावाचा, यावरून."

"दीड हजार वर्षांपूर्वीचा?"

"हो सर. काकू तर आता मला त्यांच्या घरच्या लग्नालाही बोलावणार नाहीत."

हॅलोरननी खुर्ची भांडणाऱ्यांकडे वळवली. "मी सेंट पॉलचा," ते म्हणाले. "शेजारच्या मिनीॲपोलिसवाल्यांशी आम्ही अजून असंच भांडतो." त्यांनी वडा उचलला, एक घास खाल्ला आणि त्याच हातानं फॉर्म पुढं ओढला. सही झाली. शेजारी तेलाचा अंगठाही उमटला.

टाळ्या थांबेचनात. पद्मिनीकाकूंनी ज्ञानदाला कडकडून मिठी मारली.

"अभिनंदन, डॉक्टर," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "बिशप सोपाऱ्याचाच."