अर्ध्या भिंतीचा विमा

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच उरले आहे. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक वस्ती आहे, तिथल्या एका घरात मी दोन खोल्यांच्या मध्ये उभी आहे. घराच्या दर्शनी बाजूला पिवळा रंग आहे आणि दारावर शिकवणीची पाटी आहे. येणारेजाणारे त्या पाटीकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही आणि तेच बरं असतं. मधल्या भिंतीकडे लोक निरखून बघू लागले की समजावं, घरात काहीतरी बिघडलं आहे.

मला मोतीरामजींनी बांधून घेतलं. ते वीज मंडळात लाइनमन होते. मिस्त्रीनं मला बाकीच्या भिंतींपेक्षा जाड बांधलं आणि म्हणाला, "दोन्ही खोल्याईचा स्लॅब इच्यावरच टेकते." ते कौतुक ऐकून मला फार अभिमान वाटला होता. घर पुरं झालं तसा मोतीरामजींनी घराचा विमा उतरवला. वस्तीत तेव्हा लोक माणसाचा विमा काढत, गाडीचा काढत, पण घराचा कोणी काढत नसे. त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, त्याचं नवल वाटलं.

"घर काय आजारी पडते का?" त्या म्हणाल्या.

"पडते. म्या पायलं हाय," मोतीरामजी म्हणाले. तार तुटून पेटलेल्या घरांपाशी ते नोकरीत कितीदा गेले होते. दुसऱ्या दिवशी राखेत भांडी शोधणारी माणसं त्यांना विसरता येत नव्हती.

पुढची वर्षं चांगली गेली. मी भार घेत होते आणि घर नांदत होतं. मोतीरामजी निवृत्त झाले. त्यांचा मुलगा संघपाल कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याचं लग्न तेल्हाऱ्याच्या भावनाशी झालं. भावनानं समोरच्या खोलीत लहान मुलांची शिकवणी सुरू केली. ती इतकं समजावून शिकवायची की मुलं वाढतच गेली. शेवटी आलेल्यांना दारात चपलांजवळ बसावं लागायचं. मग संघपालनं ठरवलं की मधली भिंत, म्हणजे मला, अर्धी पाडून खाली एक मोठा हॉल करायचा आणि वर स्लॅबवर एक खोली चढवायची.

घण पहिल्यांदा बसला तेव्हा माझ्या वरच्या थरापर्यंत हादरा गेला. अर्धी मी विटांचा ढीग होऊन अंगणात पडले. उघड्या पडलेल्या जागी ठेकेदारानं स्लॅबखाली दोन लोखंडी अँगल सरकवले आणि म्हणाला, "चालते." मग उरलेल्या माझ्यावर वरच्या खोलीची भिंत उभी राहिली.

"विमा कंपनीले सांगतलं काय रे?" मोतीरामजींनी विचारलं.

"सांगतो ना बाबा. काम तं होऊ द्या," संघपाल म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही. महापालिकेची परवानगीही काढली नव्हती. कंपनीला कळवलं तर ती नकाशा मागेल, हप्ता वाढवेल, असं त्याला वाटलं. पुढे विम्याचं नूतनीकरण मोबाइलवरच होऊ लागलं. 'घराच्या बांधकामात काही बदल केला आहे का?' असा प्रश्न यायचा. संघपाल माझ्याच शेजारी उभा राहून 'नाही' वर बोट ठेवायचा.

मित्रांनो, तेव्हापासून माझी स्वस्थता गेली. वर कोणी चाललं की मला कळायचं. पलंग सरकवला की कळायचं. खाली मुलं पाढे म्हणत बसलेली असायची आणि त्यांच्या डोक्यावरचा भार मी अर्ध्या अंगानं धरून असायचे. माझ्या कडेला एक बारीक भेग पडली. संघपालनं तिच्यात पुट्टी भरली आणि वर रंग मारला. भेग पुन्हा वर आली, थोडी लांब होऊन.

मग एका मे महिन्यात, दुपारी, मोठं वादळ आलं. शेजारच्या कडुलिंबाची फांदी आमच्या गच्चीवर पडली. पाण्याची टाकी फुटली, वरच्या खोलीची पत्र्याची पडवी उडून गेली आणि सगळं पाणी आत आलं. कोणाला लागलं नाही. संघपाल म्हणाला, "इतके वर्षं विमा भरून राहिलो, आता कामी येईन." त्यानं कंपनीला फोन केला.

नुकसान बघायला अकोल्याहून आरती मॅडम आल्या. त्या सर्व्हेअर होत्या. त्यांनी गच्ची पाहिली, फोटो काढले आणि मग हातातल्या जुन्या नकाशाकडे बघत उभ्या राहिल्या.

"यात वरची खोली नाही," त्या म्हणाल्या. "ही कधीची आहे?"

"पयलेपासूनच हाय, मॅडम," संघपाल म्हणाला.

मोतीरामजी खुर्चीत बसले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "नाही मॅडम," ते हळू म्हणाले. "याच्या लग्नानंतर बांधली. खालची भीतही तेव्हाच काढली."

आरती मॅडमनी लिहून घेतलं. मग त्या माझ्यापाशी आल्या. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं, वर अँगलकडे पाहिलं आणि जमिनीवर रचलेल्या मुलांच्या बस्करांकडे पाहिलं.

"इथं मुलं बसतात?"

"हो, शिकवणी हाय माझी," भावना म्हणाली.

"ताई, विम्याचं काय व्हायचं ते कंपनी ठरवेल. पण इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इथं मुलं बसवू नका. वर झोपूही नका."

त्या गेल्यावर संघपाल वडिलांशी बोलेनासा झाला. जेवायला बसला तरी ताटाकडे बघून जेवायचा. मैनाबाई दोघांमध्ये वाटी फिरवत राहायच्या आणि कोणीतरी काही बोलेल याची वाट बघायच्या. काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. बांधकामातला मोठा बदल कळवला नाही आणि विचारल्यावरही चुकीचं सांगितलं, म्हणून भरपाई नामंजूर आणि विमा रद्द. संघपालनं फोन केले, तक्रार नोंदवली. तिकडून शांतपणे तेच उत्तर पुन्हा आलं.

"तुमी गप्प रायले असते तं काय बिघडलं असतं?" तो शेवटी वडिलांना म्हणाला. "आता घर उघडं पडलं ना."

"घर तं भीत काढली तेव्हाच उघडं पडलं," मोतीरामजी म्हणाले. "आपल्याले आज समजलं."

आरती मॅडम येऊन गेल्यापासून भावनानं मुलांना घरात बसवलं नव्हतं. आता तिनं पोरांच्या आईबापांना एकेक करून फोन लावला आणि शिकवणी बंद असल्याचं सांगितलं. काहीजण चिडले, अभ्यासाचं काय म्हणाले. एक बाई विचारत होत्या, "काहून बंद केली?" "आमची भीत पक्की नाही, ताई. तुमच्या पोराले तिच्याखाली बसवू नाही शकत." ते वाक्य तिला पुढे प्रत्येकाला सांगावं लागलं. संघपाल दारात उभा राहून ते ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच इंजिनिअरला घेऊन आला. त्यांचं नाव मोईज. त्यांनी माझा थोडा गिलावा काढून विटा तपासल्या, अँगल पाहिले आणि संघपालला जवळ बोलावलं.

"हे अँगल वाकून राहिले, दिसते का? फांदी वरच्या खोलीवर पडली असती तं ही भीत राहिली नसती."

"मंग खोली पाडू?"

"पाडू नका. पण खालून आधार देऊ. मंग महापालिकेत नियमात बसवून घ्या. हे सगळं तुमी आधीच करायले पायजे होतं."

संघपाल माझ्या कापलेल्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.

पुढे लोखंडी टेकू आले. त्यांनी स्लॅब इंचभरही न हलवता तोलून धरला, तेव्हा किती वर्षांनी माझ्या अंगावरचा ताण सुटला. माझ्या तुटलेल्या टोकापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत जाड लोखंडी गर्डर बसला, दोन्हीकडे काँक्रीटचे खांब उभे राहिले. माझं काम वाटून घेणारे सोबती आले. घर सावरलं, पण विमा नव्हता. पावसाळा तोंडावर होता. ढग गडगडले की मोतीरामजी उठून दारात जायचे, तारांकडे बघायचे आणि परत येऊन बसायचे. पुन्हा उठायचे. मैनाबाई म्हणायच्या, "बसा ना वो जरा." ते बसायचे आणि पुन्हा उठायचे.

नव्या कंपनीचा अर्ज भरायला एक एजंट आला. त्यात प्रश्न होता, यापूर्वी कोणत्या कंपनीनं तुमचा विमा रद्द केला आहे का? एजंट म्हणाला, "नाही लिवा. कोण पायते?"

मी संघपालकडे बघत होते. मोतीरामजीही बघत होते, पण या वेळी ते बोलले नाहीत.

"हो लिवा," संघपाल म्हणाला. "काहून रद्द झाला तेही लिवा."

त्या कंपनीनं नकार दिला. दुसरीनंही दिला. पाऊस सुरू झाला, एका रात्री वीज जवळच पडली, आणि घरातलं कोणीच झोपलं नाही. संघपालनं तिसऱ्या कंपनीकडे अर्ज केला. सोबत रद्द झाल्याचं पत्र, मोईजचं प्रमाणपत्र आणि नुकतीच मिळालेली महापालिकेची मंजुरी जोडली. त्यांचा माणूस येऊन पुन्हा सगळं मोजून गेला. मग नुसती वाट बघणं आलं. फोन वाजला की भावना हातातलं काम टाकून धावायची.

होकार आला तेव्हा हप्ता पहिल्यापेक्षा जास्त होता आणि अटीही होत्या. मोतीरामजींनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मग कागद मुलाच्या हातात देत म्हणाले, "आता तू वाच." संघपाल त्यांच्या शेजारी बसून वाचू लागला. अडलं तिथं वडिलांना विचारू लागला. मैनाबाईंनी चहा ठेवला.

शिकवणी पुन्हा भरते आहे. हॉलमध्ये उकडतं म्हणून परवा भावनानं एक नवी खिडकी काढायला सांगितली. संघपालनं बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीनं चौकोन आखला, छिन्नी घेतली, स्टुलावर चढला. आणि थांबला. खाली उतरला, छिन्नी बाजूला ठेवली आणि फोन लावला.

"मोईजभाई, एक खिडकी काढायची होती. आधी तुमाले विचारतो, मंग कंपनीले कळवतो."

माझी बेचैनी अजून पूर्ण गेलेली नाही. वर कोणी धावलं की मी अजूनही दचकते. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी कधी भिंतीला छिन्नी लावणार असेल, तर त्यांना जरा थांबवा. तिच्यावर काय टेकलं आहे आणि तिच्याखाली कोण बसतं, एवढं आधी विचारा. ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवा. आम्हा भिंतींना बोलता येत नाही. आम्हाला फक्त भेग पडते. ती पुट्टीनं बुजवू नका.