मल्लप्पा धरून सात

सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे, असं सोमशेखर हत्तुरे यांना कुणी विचारलं, तर ते म्हणतात, "चपला काढा, आत या."

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं काढून हत्तुरे निवृत्त झाले आणि जुळे सोलापुरात राहायला आले. निवृत्त माणूस आमच्या कॉलनीत सकाळी फिरतो, दुपारी झोपतो आणि उरलेल्या वेळात गुडघ्यांविषयी बोलतो. हत्तुरेंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी हॉलमध्ये समुद्र बांधायला घेतला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी. खालचा लोखंडी सांगाडा त्यांनी स्वतः वेल्डिंग करून उभा केला. त्यावर टाकीच काय, वेळ पडली तर इंजिनही ठेवता आलं असतं.

ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथं साडेसहाशे लिटर पाणी नुसतं बघायला ठेवायचं, हे कॉलनीला फार लागलं. पण खरी अडचण कॉलनीची नव्हती. खरी अडचण झोपाळ्याची होती.

हॉलमध्ये त्यांच्या पत्नीचा, दाक्षायणीबाईंचा सागवानी झोपाळा होता, माहेरून आलेला. त्याचा झोका सरळ टाकीच्या काचेवर बसला असता. तेव्हा झोपाळा जिन्याखाली गेला. जाताना दाक्षायणीबाईंनी अट घातली.

"आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तुमच्या त्या समुद्रात एक जरी जीव मेला, तर दुसऱ्या दिवशी टाकी बाहेर आणि झोपाळा आत."

"आजारानं मेला तर?"

"मेला म्हणजे मेला."

"कबूल," हत्तुरे म्हणाले. रेल्वेच्या माणसाचा शब्द होता.

पहिला दीड महिना टाकीत खडक आणि खारं पाणी एवढंच होतं. वरच्या मजल्यावरच्या सारजाबाई मोहोळकडच्या. त्या मुद्दाम लुगडं बदलून समुद्र बघायला आल्या.

"मासं कुटं हायती?"

"अजून यायचेत. आधी जीवाणू तयार व्हावे लागतात."

"मंग आमी काय बघायचं?"

"जीवाणू."

सारजाबाईंनी काचेला नाक लावून पाच मिनिटं बघितलं. "लई बारीक हायती की वो," असं म्हणून त्या पोहे खाऊन गेल्या.

मासे आणले अझरुद्दीननं. नवी पेठेमागच्या बोळात त्याचं रंगीत माशांचं दुकान आहे. समुद्र त्यानंही कधी पाहिलेला नव्हता, पण मोबाइलवर अभ्यास दांडगा. मुंबईहून बसनं थर्माकोलच्या खोक्यात सात मासे आले, आणि कुणाच्या तरी टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे पावतीसकट आले. गोठवलेली कोळंबी माशांना फार आवडते, असं अझरुद्दीन म्हणाला, तेव्हा दाक्षायणीबाई फ्रिजसमोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं मुकाट्यानं पिशवीतून कोरड्या गोळ्यांचा डबा काढला.

आठ दिवस दाक्षायणीबाईंनी टाकीकडे पाठ करून भाजी निवडली. नवव्या दिवशी खुर्ची फिरली. मे महिन्यात पाणी गार ठेवायला चिलर आला आणि माणसांना मात्र जुनाच कूलर राहिला, तेव्हा "पुढच्या जन्मी मासा कर रे देवा" एवढंच त्या बोलल्या. जूनमध्ये सगळ्यांची नावं ठेवून झाली. खडकाखालच्या बिळात राहणारा एक बोटभर लांब मासा होता. जरा काही खुट्ट झालं की तो गडप व्हायचा आणि गोळ्या पडल्या की सगळ्यांत आधी हजर व्हायचा. त्याला त्यांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं. मल्लप्पा.

टाकीतलं थोडं पाणी दर रविवारी बदलावं लागतं. त्यासाठी हत्तुरे मागच्या गॅलरीतल्या निळ्या ड्रममध्ये दीडशे लिटर समुद्र आधीच तयार करून ठेवत. फिल्टरचं पाणी, त्यात मापून मीठ, त्यात ढवळणारा पंप. जुलैत त्यांना एकावर एक ड्रम फुकट मिळाला. तो त्यांनी घरच्या पाण्यासाठी प्रेमानं बायकोला दिला आणि आपल्या ड्रमशेजारीच ठेवला. दोन्ही निळे, दोन्ही झाकणाचे.

शनिवारी सकाळी नळ आला. नळ आला की आधीचं सगळं पाणी शिळं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. ते झाडांना, फरशीला, नाहीतर मोरीत जातं. भांडी घासायची, ताजं भरायचं. दाक्षायणीबाई हा कायदा पस्तीस वर्षं पाळत आल्या होत्या. हत्तुरे मंडईत गेले होते.

रविवारी हत्तुरेंनी पाणी बदललं. चौतीस वर्षांत एक नट न तपासता त्यांनी सोडला नव्हता, पण त्या सकाळी ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढून झाली होती. खारेपणा मोजायचा राहिला.

हात धुऊन येतात तर गावात दंगलीची अफवा पसरल्यावर बाजार बंद व्हावा, तसे प्रवाळ एकेक करून मिटत होते. मासे कोपऱ्यात. टाकीला नळाच्या औषधाचा वास येत होता. हत्तुरेंनी ड्रममध्ये बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं, हे गोड लागतंय!"

"लागणारच. कालचं ताजं आहे," आतून उत्तर आलं. "दोन्ही ड्रम घासून भरलेत."

"त्यात समुद्र होता!"

"चार दिवस झाले होते. शिळा झाला होता."

"समुद्र शिळा होत नाही, दाक्षायणी!"

मग दोघांनी टाकीकडे बघितलं आणि हत्तुरेंनी अझरुद्दीनला फोन लावला.

अझरुद्दीन स्कूटरवरून औषध उतरवणाऱ्या थेंबांची बाटली घेऊन आला. थेंब पडले. "क्लोरिनचं झालं, काका. अब खारापन वापस आणायचा. मीठ आहे ना?"

"मीठ आहे. पाणी नाही. फिल्टर दिवसाला वीस लिटर देतो."

"शुद्ध पाणी लगेच लागेल. नळाचं नको."

दाक्षायणीबाईंनी पदर खोचला आणि जिना चढल्या. आमच्या कॉलनीत साखर मागितली तर वाटीभर मिळते. पाणी मागितलं तर नळ कधी येणार ते सांगतात. त्या पिण्याच्या पाण्याचे जार मागत होत्या.

"सात जण अत्यवस्थ आहेत घरात," त्यांनी सारजाबाईंना सांगितलं.

"आगं बया! तुमी तर दोगंच ऱ्हाता की."

"सात म्हणजे सात."

सारजाबाईंनी पुढं काही न विचारता जार दिला. तो दिला म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. दुपारपर्यंत पाच जार जमले आणि हत्तुरेंनी त्यांत मापून मीठ विरघळवलं.

"काकू, आहिस्ता," अझरुद्दीन म्हणाला. "एकदम खारं केलं तर एकदम जातील. पंधरा मिनिटाला एक तांब्या."

जिथं झोपाळा टांगलेला असे, तिथं स्टूल ठेवून दाक्षायणीबाई बसल्या. पंधरा मिनिटांनी एक तांब्या. जेवल्या नाहीत. नवऱ्याला तांब्याला हात लावू दिला नाही. "तुम्ही ओताल भसकन," म्हणाल्या.

दिवेलागणीला प्रवाळाचं एक टोक हळूच उघडलं. मासे मोकळे पोहायला लागले. हत्तुरेंनी मोजले. पुन्हा मोजले. अझरुद्दीननं खडकामागे बॅटरी मारली, टाकीमागची फरशीसुद्धा बघितली.

हत्तुरेंनी चष्मा काढून पुसला. "सहा," ते म्हणाले. "शब्द दिला होता. उद्या झोपाळा काढतो जिन्याखालून."

"सात आहेत," तांब्या भरता भरता दाक्षायणीबाई म्हणाल्या.

"मल्लप्पा कुठाय?"

"आत."

"दिसत तर नाही."

"आमच्या लग्नात थोरले दादा दिसले होते का कुणाला? काम निघालं तेव्हापासून गायब. जेवायला होते ना?"

"अगं, पण—"

"मी मोजलेत. मल्लप्पा धरून सात. आणि अट मी घातलीय, मोजणार मीच."

अझरुद्दीननं बॅटरी बंद केली आणि खिशात घातली.

सोमवारी सहा दिसले. दाक्षायणीबाईंनी सात मोजले आणि सगळ्यांची नजर चुकवून देवापुढे एक जादा उदबत्ती लावली. मंगळवारी सकाळी गोळ्या पडल्या, आणि खडकाखालून आधी नाक, मग डोळे, मग बाकीचा मल्लप्पा बाहेर आला. जरा वाळला होता. पहिली गोळी त्यानंच पळवली.

"आले बघा," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "पंगत बसली."

दुपारी हत्तुरे जिन्याखाली गेले आणि झोपाळा उचलून आणून त्याच कड्यांना टांगला. टाकी आणि झोपाळा यांच्यात आता सहा इंच उरतात, म्हणून दाक्षायणीबाई चार इंच झोका घेतात. प्रत्येक झोक्याला मल्लप्पा बिळात जातो आणि प्रत्येक झोक्याला बाहेर येतो.

गॅलरीतल्या एका ड्रमवर हत्तुरेंनी ऑइलपेंटनं ठळक लिहिलंय, "समुद्र. शिळा होत नाही."

त्याखाली खडूनं, दुसऱ्या अक्षरात, "तरी चार दिवसांत वापरावा."