चिखलीच्या पुढं थांबलेली जीप

चिखली मागं पडली आणि जीप ठसके देऊ लागली. हिंमतरावानं गियर बदलून पाहिला, पाय दाबून पाहिला, पण गाडी एक झटका खायची अन् कशीबशी पुढं सरकायची. शेवटी त्यानं ती रस्त्याच्या कडेला लिंबाखाली घेतली.

"काय झालं, दादा?" मागच्या बाकावरून सत्यभामानं विचारलं.

"एखादा प्लग गेला असन. बस तू, होते आत्ता."

तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आल्यासारखा त्याला वाटला आणि त्याचं डोकं आणखी तापलं. गाडी बिघडली याचा हिला आनंद! तीन वर्षं झाली होती लग्नाला, पण माहेरी आली की परत जायचं नाव नाही. कधी पोट दुखते, कधी ताप येते. घरात सगळे म्हणत, लाडावली पोरगी. हिंमतरावही तेच म्हणत आला होता. आज सकाळी धाडहून निघताना ती गाडीत चढेना, तेव्हा त्यानंच दंडाला धरून तिला वर चढवलं होतं. ती केवढ्यानं ओरडली. ओट्यावरून वडील, महादेवराव, बघत होते. "सोंग पुरे आता," ते म्हणाले होते, "व्याही वाट पाहून राह्यले दुसरबीडले. मी शब्द देल्ला हाय."

हिंमतरावानं बॉनेट उघडलं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, वरच चार प्लग, प्रत्येकावर वायरीची काळी रबरी टोपी. टोप्या काढायच्या, प्लग खोलायचे, काजळी धरली असेल तो खरवडायचा. काम एवढंच. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर प्लगला डिंकासारखं चिकटून बसलं होतं. बुलडाण्याच्या मिस्त्रीनं त्याला शिकवलेलं होतं, टोपीला धरून आधी हळूहळू पिळायचं, ती सुटली की मग वर उचलायची. वायरीला कधी ओढायचं नाही. त्याला ते आठवतही होतं. पण ऊन चढत होतं, दुसरबीडला लोक ताटकळले असतील आणि मागं ही गप्प बसलेली. त्यानं पहिल्या वायरीला हिसका दिला. वायर तुटून हातात आली, तांब्याचे केस लोंबत. टोपी प्लगवर तशीच.

"च्यायला!"

दुसरी वायर त्यानं दोन्ही हातांनी धरली, गुडघा गाडीला लावला आणि सगळा जोर लावून ओढली. टोपी एकाएकी सुटली. त्याचा तोल गेला आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत धुराड्याच्या तापलेल्या नळीवर टेकला.

तो ओरडला तोवर सत्यभामा खाली उतरलीसुद्धा होती. गाडीला टांगलेली पाण्याची छागल तिनं ओढली, त्याला खाली बसवलं आणि हातावर बारीक धार धरली.

"बस झालं, पाणी संपन," तो म्हणाला.

"संपू दे. हात हलवू नको. वरून थंड लागते, पण आत जळणं चालूच राह्यते." तिचा आवाज एकदम शांत होता. "शाई नको लावजो कोणाचं ऐकून. फोड येईन, तो फोडू नको. उद्या बरं वाटन, परवा जास्त ठणकन. अन् बाही चिकटली तर ओढू नको, पाण्यानं भिजवून अल्लद सोडव. नाहीतर कापडासंगं सालटं निघते."

हिंमतराव तिच्याकडं बघत राहिला. वैशाखाचं ऊन, आणि हिच्या चोळीच्या बाह्या मनगटापर्यंत.

"तुले एवढं कसं माहीत, सत्ये?"

धार थांबली. तिनं छागलीचं तोंड बांधलं, पुन्हा सोडलं. मग डावी बाही वर सरकवली. दंडावर पट्ट्यांसारखे डाग होते. काही पांढरे पडलेले, एक अजून ओला. सकाळी त्यानं तिथंच धरलं होतं.

"कोणं?"

"सासूनं. भाकर उलटाचा सराटा, चुलीत तापवून."

"मागच्या दोन महिन्यांपासून तर तू इथं हायेस. हा ओला कसा?"

"बरा व्हते, फुटते. बाही घासते ना."

"अन् जावई?"

"ते दार लावतात. बाहेरून."

"मले काऊन नाही सांगतलं? घरात कोणाले तरी सांगाचं!"

"आईले सांगतलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी. धाकल्या शालूचं लगन जमाचं हाय, बोभाटा झाला तर तिले कोण करन, म्हणे. ह्या चोळ्या आईनंच शिवल्या."

एक बैलगाडी गेली. गाडीवाल्यानं हाक मारून विचारलं, काही मदत पाह्यजे काय? हिंमतरावानं नकारार्थी मान हलवली.

मग तो उठला. डाव्या हातानं एकेक टोपी धरून पिळली, सावकाश, सुटेपर्यंत. तिसरा प्लग काळाठिक्कर होता. चाकूनं खरवडून पुसला. तुटलेल्या वायरीचं रबर सोलून तांबं पिळलं, टोपीत घट्ट बसवलं. हाताची आग आग होत होती. सत्यभामानं पाना धरला, वायरी हातात दिल्या. गाडी सुरू झाली आणि त्यानं ती वळवली.

"नको, दादा," ती घाबरून म्हणाली. "आबा काय म्हणतीन? अन् आई?"

त्यानं गाडी धाडच्या रस्त्याला लावली.

जीप दारात थांबली तेव्हा आई, मंजुळाबाई, गहू निवडत होती. "काऊन परत आणली?" ती ओरडली.

"आई, तुले माहीत होतं."

ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "मले दोन पोरी हायेत, हिंमत. दोन."

महादेवरावांनी लेकीचा दंड पाहिला. पाहून ते मागच्या दारानं वावरात निघून गेले. आपला शब्द मोडला असं त्यांनी व्याह्यांना कळवलं नाही; ते हिंमतरावालाच दुसरबीडला जाऊन सांगावं लागलं. तिथं त्याला शिव्या पडल्या. जावई खाली मान घालून बसून होता.

आई बोलली होती तसंच झालं. शालूसाठी आलेलं स्थळ फिरलं, पुढच्या वर्षीचंही फिरलं. शालू भावाला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. आपण चूक केली असं हिंमतरावाला कधी वाटलं नाही, पण त्या घरात घास गोडही लागला नाही.

सत्यभामा मात्र राहिली. आखूड बाह्यांच्या चोळ्या घालू लागली, वावरात जाऊ लागली. फक्त रस्त्यावर मोटारीचा आवाज आला, की हातातलं काम टाकून ती आत निघून जाई आणि आवाज दूर जाईस्तोवर बाहेर येत नसे.