पाचूबंदरला जाणारी टोपली

मी सुभद्राची टोपली बोलतेय. बांबूची, दोन कड्यांची आणि स्वभावाने जरा शिष्ट. वाडीतल्या बाकीच्या टोपल्या शेण आणि पालापाचोळा वाहायच्या. माझ्यात फक्त सुकेळी.

राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या सोपटात घट्ट बांधायची, यात सुभद्राचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर नाताळाला चार जुड्या घेऊन मी किनाऱ्यावरच्या पाचूबंदरला, कोळीवाड्यात जायचे. परत येताना माझ्यात सुके बोंबील असायचे. सासूला आणि मुलांना सांगायचं, बाजारातून आणलेत. मी कशाला तोंड उघडतेय!

गेल्या पावसाळ्यात सुभद्रा गेली. डिसेंबरात तिच्या लेकीने, विनयाने, मला पुसायला घेतलं आणि तळाला शिवलेलं फडकं उसवलं. खाली एकतीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर तेच: ‘सुकेळी पोचली. सुखी राहा. आलोशियस.’ त्याखाली कॉलेजातला फोटो, सुभद्रा आणि आलोशियस दोघांचा.

आईने या घरात मन मारून दिवस काढले की काय, या विचाराने विनयाला जेवण जाईना. वडिलांच्या नजरेस पडू नये म्हणून तिने मला पलंगाखाली सरकवलं. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

नाताळाच्या आदल्या सकाळी तिचे वडील, पांडुरंग, मला शोधत आले. हातात चार जुड्या, वेड्यावाकड्या बांधलेल्या. लेकीचा चेहरा पाहून ते काय ते समजले.

“आमच्या लग्नाआधीच मला सांगितलं होतं तिने,” ते म्हणाले. “त्या दोघांच्या लग्नाला दोन्ही घरांनी नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, माणूस कशाला तोडतेस? टोपली मी नेऊन देईन.”

“बाबा, तुम्ही नेत होता?”

“मीच. आल्यावर विचारायची, बरा आहे ना तो? बरा आहे म्हटलं की निवांत व्हायची आणि पहिला बोंबील माझ्या ताटात वाढायची.”

विनया खूप रडली. मग तिनेच मला उचललं.

पाचूबंदरला आलोशियस जाळं विणत बसला होता. सुभद्रा गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. जुडी हातात घेऊन तो म्हणाला, “ही गाठ तिची नाय.”

“शिकतोय,” पांडुरंग म्हणाले.

आलोशियसच्या बायकोने, जीनाने, माझ्यात बोंबील भरले. टोपली रिकामी पाठवायची त्यांच्यात पद्धत नाही. आलोशियसने चिठ्ठी लिहिली, तीच दोन वाक्यं. फक्त या खेपेला वर नाव घातलं: ‘पांडुरंग’.

माझी एक कडी आता निखळलीय. बुरुडाकडे न्या, पण फेकू नका. पुढच्या नाताळाला मला जायचंय.