श्राद्धाच्या दिवशी अर्धी गोळी

वेंकटराव तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि घरातले डॉक्टर झाले. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाला शिंक आली तरी यांचा सल्ला तयार. कॉलेज काय, तर इंग्रजी पेपरातलं रविवारचं आरोग्याचं पान. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं असतात ना, त्यातलेच हे. पण बायकोवर जीव होता, तेही खरं. विशालाक्षीच्या थोरल्या बहिणीचे, राजमचे, डोळे शुगरनं गेले होते. भिंत चाचपडत न्हाणीघरात जाणारी राजम पाहिली आणि वेंकटरावांनी धसकाच घेतला. विशालाक्षीलाही शुगर होती. तिचे डोळे जाऊ द्यायचे नाहीत, बस्स.

अठ्ठ्याण्णव साल सरता सरता पेपरात आलं, की इंग्लंडात हजारो रोग्यांना वर्षानुवर्षं तपासून ठरलंय: शुगर जितकी आवळून धराल तितके डोळे टिकतील. खाली एक ओळ होती, शुगर फार उतरली तर जिवाला धोका. तीही त्यांनी वाचली, आणि धोका निष्काळजी लोकांना असतो असं परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरांनी न्याहारीबरोबर एक गोळी लिहून दिली होती. वेंकटराव ती सातच्या ठोक्याला हातावर ठेवायचे.

मग त्यांच्या आईचं श्राद्ध आलं. सोवळ्यात स्वयंपाक करणारीनं ब्राह्मण जेवेपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, खिरीची चवसुद्धा बघायची नाही, ही घरची रीत. गोळी मात्र सातला दिलीच. औषध म्हणजे गंगाजळ, त्याला उपास आड येत नाही, असं म्हणाले. विशालाक्षीनं गुमान गिळली.

भटजींना त्या दिवशी आणखी दोन घरं होती. बारा वाजले, एक वाजला. वडे तळून झाले, खीर शिजली, आणि विशालाक्षी घामानं चिंब. हात कापतात, समोरचं दोन-दोन दिसतं, असं ती म्हणाली तेव्हा वेंकटरावांना राजमच दिसली. धावपळीनं शुगर चढली, आता डोळ्यांवर आली!

त्यांची सून रम्या गुळाचा खडा घेऊन आली. तिच्या शुगरवाल्या आईला असंच व्हायचं आणि गुळानं बरं वाटायचं. सासरे कडाडले, शुगरवालीला गूळ? तोही पितर जेवायच्या आधी? रम्या म्हणाली, निदान मीटरवर तरी बघू या. तिच्या नवऱ्यानं, गिरीशनं, बेंगळूरहून पाठवलेलं नवंकोरं यंत्र कपाटात पडून होतं. पण त्याला बोट टोचून रक्त काढावं लागतं. श्राद्धाच्या स्वयंपाकघरात रक्त? छे, छे.

घ्या! गूळ चालत नाही, रक्त चालत नाही, औषध तेवढं चालतं. त्यांनी आणखी एक गोळी काढली, मोडून अर्धी केली.

"घे. तुझ्या डोळ्यांसाठीच सांगतो."

"तुम्ही म्हणता तर," असं म्हणून तिनं ती पाण्याबरोबर घेतली.

भटजी आले तेव्हा दोन वाजत आले होते. संकल्प चालू असताना आत भांडं पडलं. विशालाक्षी चुलीपाशी कोसळली होती, दातखीळ बसलेली, अंग थंडगार. सोवळं गेलं उडत, असं म्हणत रम्यानं तिला उचललं आणि ऑटोत घातलं.

नर्सिंग होममध्ये शिरेतून साखर चढवता चढवता डॉक्टरांनी सांगितलं, शुगर पार तळाला गेलीय, मेंदू फार वेळ उपाशी राहिला. चमचाभर साखर वेळेवर मिळती तर बाई उठून बसली असती. गोळ्या किती झाल्या? दीड, असं रम्यानं सांगितलं.

"ती वरची अर्धी कुणी दिली?"

रम्यानं सासऱ्यांकडं पाहिलं.

"तिनंच घेतली," वेंकटराव म्हणाले. "आम्ही नको नको म्हणत होतो."

रम्यानं सासूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पुढं कुणी काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी विशालाक्षीनं डोळे उघडले. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि डोळे उत्तम आहेत म्हणाले. वेंकटरावांनी पुढं वाकून हाक मारली. दोनदा, तीनदा. ती त्यांच्याकडं नीट, बराच वेळ बघत राहिली. मग परका पुरुष समोर आला म्हणून तिनं पदर सावरून घेतला.