एक जागा मोकळी होऊ दे

सिनेमातल्या सैतानाच्या मुखवट्याचं रबर गळ्यापाशी फाटलं होतं, आत माणसाची घामट कातडी दिसत होती – मागच्या भागात सैतानाला मुखवटा तरी बरा होता, हा तिसरा भाग, यांचे पैसे संपले असणार… तरी पुंडलिक नजर न हलवता बघत होता. विहिरीतून वर आलेला सैतान एका गाडीवाल्याला विचारत होता, "बोल, क्या चाहिए?"

"काय मागला रे त्यानं?" शेजारून सुकानं विचारलं.

"बंगला."

"येडा हाय. मागच्या भागात पन एकानं बंगलाच मागलेला. पडला ना छत डोक्यावर!"

सुकाला दिसत नाही. बोईसरच्या या व्हिडिओ पार्लरमध्ये तो दर सुट्टीला पुंडलिकजवळ बसून सिनेमा ऐकतो आणि पुंडलिक त्याला सांगत जातो – बाई पळाली, दिवे गेले, रक्त आलं. रंगाच्या कारखान्यात सुकाच्या तोंडावर ॲसिड उडालं, त्याच्या जागेवर बदली कामगार असलेला पुंडलिक कायम झाला, आणि चाळीतले सगळे म्हणाले, बघा, जागा मिळाली तरी माणुसकी सोडली नाही. माणुसकी! डोंबलाची माणुसकी.

ॲसिड उडालं त्याच्या आदल्याच आठवड्यात पुंडलिक बायकोबरोबर, नर्मदेबरोबर, एडवणच्या वाटेवरच्या देवीपुढे उभा होता. नवस मोठ्यानं बोलायचा, मनातला देवीला पोचत नाही, असं बायकोनं बजावलेलं. म्हणून तो मोठ्यानंच बोलला – आई, कंपनीत एक जागा मोकळी होऊ दे, नर्मदा तुझी ओटी भरील. नवी जागा निघू दे म्हणाला असता तर जीभ झडली असती का?… पण तेव्हा नोकरीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

असली भुताटकी बघून काय मिळतं हो तुम्हाला, असं नर्मदा विचारते. काय सांगू तिला? इथे सैतान सैतानासारखा दिसतो. इथे मागणाऱ्याचंच वाटोळं होतं, शेजाऱ्याचं नाही – किती न्यायी आहे तो बिचारा! आणि एवढं होऊनही पुढच्या भागात कुणीतरी पुन्हा मागतंच… माझ्यासारखे मूर्ख जगात पुष्कळ आहेत, हे बघून घटकाभर बरं वाटतं.

पण आज तेही वाटेना. नर्मदेचे दिवस भरत आले होते, आणि मूल पोटात आडवं आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सकाळी निघताना नर्मदा उंबऱ्यात बसली होती, पाय सुजलेले. "आधीची ओटी भरू या हो," ती म्हणाली. "देवीचं ठेवून घेऊ नये. आणि बाळाचंही बोलून या." तो चपला घालून निघून आला. नवस फेडायचा म्हणजे कबूल करायचं की ते देवीनंच केलं, आणि माझ्या सांगण्यावरून केलं… आणि नाही फेडला, तर कोप कुणावर? त्या आडव्या जिवावर.

टीव्हीत बंगल्याच्या भिंती हलायला लागल्या. पुठ्ठ्याच्या होत्या, स्पष्ट कळत होतं.

"मी असतो तं डोळे नसते मागले," सुका म्हणाला.

"का रे?"

"तो देनार कुठून? कुनाचे तरी काढूनच देनार ना." आणि तो हसला, शेंगदाणा तोंडात टाकत.

पुंडलिकनं टीव्हीवरून नजर काढली. नाही, मागायचं नाही. मनाशीसुद्धा नाही. नर्मदेचे सुजलेले पाय… नाही म्हटलं ना! कुणाचं काही न काढता, आई, कुणाचंही काही न घेता… असं कुठं देतं का कुणी? असं या तिन्ही भागांत एकदाही झालं नाही…

"होईल रे," सुका म्हणाला.

"काय?"

"पोर होईल नीट. आताच बोलला ना तू, माजं पोर वाचू दे, मग काय पन घे."

म्हणजे तोंडातून निघालं होतं. मोठ्यानं, आणि अटीसकट. पुढच्या बाकांवर माणसं भिंती पडताना बघून शिट्ट्या मारत होती, त्यांच्या घरीही लेकरं असतील, पोटुशा बायका असतील… पुंडलिक एकेका पाठीकडे बघत राहिला. शब्द परत घ्यावेत, अजून वेळ आहे, असं त्यानं स्वतःला बजावून पाहिलं. पण त्याला ते परत घ्यायचे नव्हते.