मुलांची खोली

तिने फेकलेली स्टीलची बाटली त्याच्या भुवईवर आदळली आणि ठणठणत भिंतीपर्यंत घरंगळत गेली. कुणालाच काही उमगलं नाही. मग त्याच्या भुवईतून रक्ताचा ओघळ डोळ्यात उतरला, तसा तो उठला.

आई-बापांच्या वर्गाचा तो तिसरा शनिवार होता. कोर्टाने पाठवलेली पाच जोडपी गोल करून बसली होती. हा वर्ग पुरा केल्याशिवाय घटस्फोटाचं काम पुढे सरकत नव्हतं. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी प्रत्येक जोडप्याच्या मध्ये एक बुटकी लाकडी खुर्ची मांडली होती. हिच्यात तुमचं मूल बसलंय असं समजा आणि एकमेकांशी न बोलता त्याच्याशी बोला, असं सांगितलं होतं. त्यांतल्या एका बेकरीवाल्याने खुर्चीला "काय रे, दात घासले का?" असं विचारून सगळ्यांना हसवलं. त्याची बायकोही हसली, आणि ती तर पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ करून बसत होती.

मग या दोघांची पाळी आली. ती नर्स, तो लिफ्ट दुरुस्त करणारा. वर्षभर वेगळे राहत होते. मधे दोनदा परत एकत्र आले, दोनदा पुन्हा मोडलं.

"ठके," तो खुर्चीकडे बघत म्हणाला, "तुला ताप आला तेव्हा आईने मला का नाही कळवलं, विचार तिला."

"मला विचार ना. खुर्चीच्या आडून काय बोलतोस?"

"बघ ठके, आईला दोन मिनिटं दम धरवत नाही."

"रात्रीतच उतरला ताप. तुला कळवून तू काय करणार होतास?"

"खरंय. बापाने हात लावला की पोरगी झिजते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली, आणि बाटली मांडीवरच होती.

आता तो मधली खुर्ची लाथेने उडवून तिच्यावर आला. त्याने तिची वेणी मुठीत धरली आणि तिला मागच्या कपाटावर ढकललं. कपाटाची काच खळ्ळकन फुटून तिच्या खांद्यावरून, पाठीवरून खाली आली. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने हाताला लागेल ते धरलं. त्याचं मनगट हाती आलं, त्यात तिने दात रुतवले आणि तो ओरडला तरी सोडले नाहीत. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात दिली. मग आणखी एक.

"सोडा! अहो, सोडा तिला!"

बेकरीवाल्याने त्याला मागून कवेत घेतलं. पीठ मळणारे हात होते ते, तरी सुटता सुटता त्याने आणखी एक लाथ झाडलीच. तिच्या नडगीवर बसली. ती कपाटाला टेकून खाली सरकली. तोंडात रक्ताची चव होती, आणि ते आपलं नाही हे तिला माहीत होतं.

मॅडम फोनकडे धावल्या. "पोलिसांना बोलवते. बस्स झालं."

"नको," दोघंही एकदम म्हणाले. तेवढ्या बाबतीत त्यांचं नेहमी जमायचं.

त्याला खुर्चीत बसवलं होतं. रक्त हनुवटीवरून शर्टावर ठिबकत होतं आणि सगळे नुसते बघत उभे होते. तिला ते बघवेना. उठली, पर्समधला स्वच्छ रुमाल काढून घडी केली आणि त्याच्या भुवईवर दाबून धरली.

"मान मागे नको टाकू. टाके पडतील."

"तूच घाल," तो म्हणाला. "बिल नको लावू म्हणजे झालं."

तिला हसू आवरलं नाही. तोही हसला, आणि हसताना भुवई दुखली म्हणून कळवळला. त्याचा हात तिच्या हातावर आला. त्या मनगटावर तिच्या दातांची गोल रांग होती. बुधवारी ठकीला सोडायला आला तेव्हा दारात उभा राहून तो म्हणाला होता, ठकीसाठी तरी एकदा परत बघू. तिने शनिवारी सांगते म्हणून दार लावलं होतं. आता, त्याचं डोकं पोटाशी धरून उभी असताना, हो म्हणून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं.

"मुलांचा आवाज का येत नाहीये?" बेकरीवाल्याची बायको म्हणाली.

मुलांची खोली शेजारीच होती. मधे नुसती प्लायवूडची भिंत. सकाळपासून तिथून धावण्याचे, भांडणाचे, रडण्याचे आवाज येत होते. आता चिडीचूप.

सगळेच तिकडे गेले. रुमाल भुवईवर दाबून तोही आला. दारात मुलांना सांभाळणाऱ्या मावशी भांबावून उभ्या होत्या. खोलीत रंगीत खडू, अर्धवट चित्रं, उलटी पडलेली बाहुली. मूल एकही नाही. भिंतीपाशी ओळीने काढून ठेवलेल्या बूट-चपलाही नव्हत्या.

"मी काही नाही सांगितलं हो," मावशी हळूच म्हणाल्या. "पहिला आवाज झाला तशी तुमच्या मुलीनेच सगळ्यांना बूट घालायला लावले. म्हणाली, काच असते."

लांब टेबलावरून चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. तिच्या कडेखालून एक छोटा बूट दिसत होता. नाडी बांधलेली, दुहेरी गाठ मारून.

नर्स पुढे होणार, तेवढ्यात चादरीआड कुजबुज झाली.

"आता जायचं?" बेकरीवाल्याचा धाकटा विचारत होता.

"नाही," ठकीचा आवाज. सात वर्षांची होती ती. शाळेत खालच्या वर्गातल्या मुलांना समजावताना बोलावं तशी बोलत होती. "अजून नाही. आता माझी आई बाबांना औषध लावणार. मग दोघं हसतात."

"हसले, मी ऐकलं. मग संपलं ना?"

"नाही रे. हसले तरी जायचं नसतं. मग बाबा राहायला येतात. मग परत होतं."

"मग कधी?"

"दोघं वेगळ्या वेगळ्या खोलीत गेले ना, की संपतं. मग खूप छान असतं. मग जेवायचं."

मॅडमनी तोंडावर हात धरला होता. नर्सने वळून बघितलं. तो तिच्या अगदी पाठीशी उभा होता. रुमाल लाल झाला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं असेल तसं, भांडणाशिवाय.

तिने नाही म्हणून मान हलवली. अगदी थोडी.

त्याने खाली बघितलं. मग वळला आणि बूट वाजणार नाहीत अशा बेताने चालत वर्गाच्या खोलीत गेला. बेकरीवाला त्याच्यामागे गेला. नर्स उलट्या दिशेला वळली. व्हरांड्याच्या टोकाला पाणी पिण्याची छोटी खोली होती. तिथे बाकड्यावर जाऊन बसली आणि दार लोटून घेतलं. नडगी ठणकत होती. बेकरीवाल्याची बायको आत आली, तिच्यामागे उभी राहिली आणि तिच्या केसांतली काच एकेक वेचून मुठीत गोळा करू लागली.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चादर सरकल्याचा आवाज झाला.

"चला," ठकी म्हणाली. "झालं."

व्हरांड्यात पाच-सहा जोडी बुटांची पळापळ सुरू झाली आणि कुणीतरी खिदळलं. ते हसणं ठकीचं होतं. नर्सचा हात दाराच्या कडीकडे गेला होता. तो तिने परत आणून मांडीवर ठेवला, वर दुसरा ठेवला, आणि बसून राहिली.